निवासी डॉक्टरांची जुळणी : पसंतीयाद्या, स्थैर्य आणि जागावाटपाचे गणित

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली तरी निवासी प्रशिक्षणाशिवाय स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाहीत. हे प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, विषयानुसार साधारण तीन ते सात वर्षांचे असते. डॉक्टर पुढे कोणत्या शाखेत आणि पुष्कळदा कोणत्या शहरात काम करणार, हे त्यातच ठरते. कोणाला कोणते रुग्णालय मिळेल याचा निर्णय तिथे एका गुणवत्तायादीवर होत नाही आणि रुग्णालयाने परस्पर पाठवलेल्या नियुक्तिपत्रावरही होत नाही. उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहून देतात, रुग्णालये मुलाखतीला आलेल्या उमेदवारांचा आपला क्रम कळवतात आणि या दोन प्रकारच्या याद्यांवरून संगणक जोड्या लावतो. ‘नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम’ ही ना-नफा संस्था हे काम करते. मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी, ‘मॅच डे’ला, उमेदवारांना आपले रुग्णालय कळते. २०२४ मध्ये ४१,५०३ जागांसाठी ४४,८५३ उमेदवारांनी याद्या दाखल केल्या होत्या. निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.

ही व्यवस्था निर्माण झाली ती बाजाराच्या अपयशातून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालयांना हव्या असलेल्या इंटर्नांची संख्या पदवीधरांच्या संख्येपेक्षा बरीच जास्त होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्याकडे जाण्याआधी त्याला बांधून घ्यावे, म्हणून प्रत्येक रुग्णालय इतरांच्या थोडे आधी जागा देऊ करू लागले. १९४४ पर्यंत ही घाई इतकी वाढली, की पदवीला जवळजवळ दोन वर्षे बाकी असताना नेमणुका ठरत होत्या. ज्या विद्यार्थ्याने अजून वॉर्डात नीट पाऊलही टाकलेले नाही, त्याची योग्यता रुग्णालयाला कळणे शक्य नव्हते आणि आपल्याला कोणता विषय रुचेल हे विद्यार्थ्यालाही ठाऊक नव्हते.

१९४५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांनी ठराविक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांचे गुणपत्रक आणि शिफारसपत्रे बाहेर द्यायची नाहीत असे ठरवले. त्यामुळे तारखा मागे सरकणे थांबले, पण अडचण दुसरीकडे उभी राहिली. पहिल्या पसंतीच्या रुग्णालयात प्रतीक्षायादीवर असलेला विद्यार्थी दुसऱ्या पसंतीकडून आलेला होकार शक्य तितका वेळ लांबवू पाहायचा. रुग्णालयाला मात्र उत्तर ताबडतोब हवे असे, कारण नकार उशिरा आला तर तोपर्यंत पुढचा उमेदवारही हातचा गेलेला असे. सुरुवातीला विचारासाठी दहा दिवस देण्याचे ठरले होते. ही मुदत वर्षागणिक आटत गेली. १९४९ मध्ये रात्री १२ वाजून १ मिनिटाने तार करायची आणि दुपारी १२ पर्यंत उत्तर घ्यायचे, असा प्रस्ताव आला, तेव्हा रुग्णालयांच्या संघटनेला हे बारा तासही जास्त वाटले. इतक्या थोड्या वेळात आयुष्याचा निर्णय घ्यायला लावणारी पद्धत टिकणार नाही, हे सर्वांनाच उमगले होते.

त्यातून सर्व याद्या एका मध्यवर्ती कार्यालयात गोळा करण्याची कल्पना पुढे आली आणि १९५०-५१ मध्ये तिची चाचणी झाली. चाचणीतली रीत वरवर पाहता अगदी न्याय्य वाटते. ज्यांनी एकमेकांना पहिला क्रमांक दिला त्यांच्या जोड्या आधी लावायच्या, मग एका बाजूने पहिला आणि दुसऱ्या बाजूने दुसरा क्रमांक दिलेल्यांच्या, आणि असेच खाली उतरत जायचे. हार्डी हेंड्रेन या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिच्यातला दोष दाखवला. एखाद्याने अवघड रुग्णालय पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि ते मिळाले नाही, तर दुसऱ्या क्रमांकावरचे रुग्णालय तोपर्यंत भरून गेलेले असे. म्हणजे प्रामाणिकपणे यादी लिहिणाऱ्याचे नुकसान आणि अंदाज बांधून लिहिणाऱ्याचा फायदा. विद्यार्थ्यांनी संघटित विरोध केल्यावर रीत बदलली आणि १९५२ ची पहिली राष्ट्रीय जुळणी सुधारित पद्धतीने झाली. सहभाग ऐच्छिक असूनही बहुतेक सर्व विद्यार्थी आणि रुग्णालये तिच्यात उतरली. हेंड्रेन पुढे बोस्टनमधले नामवंत बालशल्यविशारद झाले.

ही सुधारित पद्धत का टिकली, याचे गणिती उत्तर तिच्या कर्त्यांना माहीत नव्हते. ते दहा वर्षांनी अगदी वेगळ्या वाटेने आले. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकात महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह यांवर एक छोटा लेख लिहिला. त्यांनी जुळणीच्या चांगुलपणाची कसोटी स्थैर्य ही ठरवली. जुळणीत एकमेकांना न मिळालेले एक उमेदवार आणि एक रुग्णालय असे असतील, की दोघांनाही हाती आलेल्या जोडीदारापेक्षा परस्परांची संगत अधिक पसंत आहे, तर ती जुळणी अस्थिर. असे दोघे फोन उचलतील आणि व्यवस्थेबाहेर करार करतील. अशी एकही जोडी नसेल तर जुळणी स्थिर. तिच्यात सर्वांच्या मनासारखे होतेच असे नाही, पण ती मोडण्यात कोणत्याही दोघांचे मिळून हित नसते.

स्थिर जुळणी नेहमी असतेच, हे गेल आणि शॅप्ली यांनी ती शोधण्याची कृती सांगूनच सिद्ध केले. प्रत्येक उमेदवार आपल्या पहिल्या पसंतीच्या रुग्णालयाकडे अर्ज करतो. रुग्णालय आपल्या जागांइतके उत्तम उमेदवार तात्पुरते राखून ठेवते आणि उरलेल्यांना नकार देते. नाकारलेला उमेदवार यादीतल्या पुढच्या रुग्णालयाकडे जातो. तिथे त्याच्यापेक्षा खालचा कोणी राखलेला असेल तर तो बाहेर पडून आपल्या पुढच्या पसंतीकडे वळतो. नवे अर्ज संपले की राखलेल्या जागा कायम होतात. सगळी खुबी ‘तात्पुरते’ या शब्दात आहे. उशिरा येणाऱ्याचा हक्क बुडत नाही, म्हणून उमेदवाराला वरचे रुग्णालय मागून पाहण्यात धोका उरत नाही. चाचणीच्या रीतीत नेमके हेच नव्हते.

एका लहान उदाहरणावरून पुढचा वाद समजतो. अनिता, बेन आणि क्लारा असे तीन उमेदवार आणि शहर, नदी व टेकडी अशी एकेका जागेची तीन रुग्णालये समजू. अनिता आणि क्लारा यांना ‘शहर’ सर्वांत पसंत आहे, बेनला ‘नदी’. ‘टेकडी’ तिघांच्याही यादीत शेवटी आहे. ‘शहर’ रुग्णालयाचा क्रम बेन, अनिता, क्लारा असा आहे आणि ‘नदी’चा अनिता, बेन, क्लारा असा. उमेदवारांनी अर्ज केले तर अनिताला ‘शहर’ आणि बेनला ‘नदी’ मिळते. क्लारा ‘शहर’कडून आणि मग ‘नदी’कडूनही नाकारली जाऊन ‘टेकडी’ला जाते. हीच कृती उलटी केली आणि रुग्णालयांनी बोलावणे पाठवायचे ठरवले, तर ‘शहर’ला बेन आणि ‘नदी’ला अनिता मिळते. दोन्ही जुळण्या स्थिर आहेत. पहिलीत अनिता आणि बेन यांना आपली पहिली पसंती मिळते, दुसरीत दोन रुग्णालयांना. क्लाराच्या वाट्याला दोन्ही वेळा ‘टेकडी’च येते. विचारणारी बाजू स्थिर जुळण्यांपैकी स्वतःसाठी सर्वांत अनुकूल अशी जुळणी मिळवते आणि दुसऱ्या बाजूला त्यांतली सर्वांत प्रतिकूल मिळते, हा या गणितातला सर्वसाधारण नियम आहे.

१९८४ मध्ये ॲल्विन रॉथ यांनी दाखवले, की १९५२ पासूनची अमेरिकन पद्धत आणि गेल-शॅप्ली यांची कृती यांचे फळ एकच आहे, आणि अमेरिकन पद्धतीत विचारणारी बाजू रुग्णालयांची आहे. याच सुमारास प्रामाणिकपणाचा प्रश्नही उलगडला. उमेदवार विचारत असतील तर कोणत्याही उमेदवाराला खोटी यादी लिहून फायदा होत नाही. रुग्णालये विचारत असतील तर ही हमी उमेदवारांना मिळत नाही. एकाहून अधिक जागा असलेल्या रुग्णालयांना मात्र कोणतीही स्थिर पद्धत अशी हमी देऊ शकत नाही, हेही रॉथ यांनीच सिद्ध केले.

स्थैर्य हा केवळ कागदावरचा गुण आहे की व्यवहारातही त्याने फरक पडतो, याचा पुरावा ब्रिटनमध्ये सापडला. तिथे १९६० च्या दशकापासून निरनिराळ्या विभागांनी आपापल्या जुळणीपद्धती बसवल्या होत्या. एडिंबरा आणि कार्डिफ यांच्या पद्धती स्थिर जुळणी देणाऱ्या होत्या आणि त्या टिकल्या. न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅम यांनी दोन्ही बाजूंनी दिलेल्या क्रमांकांच्या गुणाकारावर जोड्या लावल्या. तिथे विद्यार्थी आणि वरिष्ठ डॉक्टर आधीच आपसांत बोलून ठेवू लागले, याद्यांना अर्थ उरला नाही आणि अखेर त्या पद्धती सोडून द्याव्या लागल्या. जुळणीशास्त्रात यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच मिळेल. मात्र अस्थिर पद्धती सगळीकडे कोसळल्या असे नाही. केंब्रिज आणि लंडन हॉस्पिटल यांच्या छोट्या वर्तुळांत त्या चालू राहिल्या. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे करारभंग करणे सोपे नसते.

अमेरिकन व्यवस्थेला खरा तडा गेला तो नवरा-बायकोंमुळे. १९७० च्या दशकात वैद्यकीय शिक्षणातल्या मुलींची संख्या वाढली आणि एकाच वर्षी पदवी घेणारी जोडपी दिसू लागली. दोघांना एकाच शहरात जागा हव्या असत. त्यांच्यातल्या एकाला ‘मुख्य’ मानायचे आणि त्याची जागा ठरल्यावर दुसऱ्याची यादी त्या भागापुरती छाटायची, ही जुनी तरतूद अपुरी होती. जोडपी व्यवस्थेबाहेर करार करू लागली. १९८३ पासून त्यांना जागांच्या जोड्यांची यादी देता येऊ लागली, उदाहरणार्थ ‘दोघेही बोस्टनमध्ये, अमुक आणि तमुक रुग्णालयात’. मागणी माणुसकीला धरून होती, पण गणित तिथे अडखळते. जोडपी असतील तर स्थिर जुळणी अस्तित्वातच नसण्याची शक्यता असते, आणि ती आहे की नाही हे शोधण्याची झटपट रीत सर्वसाधारणपणे उपलब्ध नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यास विद्यार्थी संघटनांनी जुनाच प्रश्न नव्याने विचारला : पद्धत रुग्णालयांच्या बाजूने का? १९९५ मध्ये नव्या रचनेचे काम रॉथ यांच्याकडे आले. त्यांनी आणि एलियट पेरन्सन यांनी बांधलेली पद्धत १९९८ च्या जुळणीपासून लागू झाली. तिच्यात विचारणारी बाजू उमेदवारांची आहे. एकेक उमेदवार आणि जोडपे क्रमाने आत घेतले जाते आणि त्यातून कुठे अस्थिर जोडी निर्माण झाली, तर ती मागे जाऊन दुरुस्त केली जाते. जुन्या याद्यांवर दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या, तेव्हा फरक पडणारे उमेदवार हजारात एकाच्या आसपास निघाले. इतक्या वर्षांच्या वादाचे फळ एवढेच, असे वाटू शकते. पण उमेदवारांना मिळालेली प्रामाणिकपणाची हमी त्या आकड्यात मोजली जात नाही, आणि तीच या बदलाची मोठी कमाई आहे. फरक इतका लहान का, याचे उत्तरही नंतर मिळाले. उमेदवार हजारो रुग्णालयांपैकी थोड्याच ठिकाणी मुलाखत देतो आणि याद्या आखूड असल्या की स्थिर जुळणी जवळजवळ एकच उरते. इताई अश्लागी, यश कानोरिया आणि जेकब लेश्नो यांनी २०१७ मध्ये दाखवले, की यादृच्छिक पसंतीच्या मोठ्या बाजारात दोन्ही बाजूंची संख्या किंचित असमान असली तरी हाच परिणाम होतो. जोडप्यांच्या बाबतीतही मोठ्या बाजारात स्थिर जुळणी बहुधा सापडते, असे सिद्धांत सांगतो आणि अनुभवही. २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळाले. गेल २००८ मध्येच वारले होते.

जुळणीची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते ती ग्रामीण रुग्णालयांत. वरच्या उदाहरणात विचारणारी बाजू बदलूनही ‘टेकडी’ला क्लाराच मिळाली. जागा पूर्ण न भरणाऱ्या रुग्णालयांबाबत तर असे नेहमीच घडते. ज्या रुग्णालयाच्या काही जागा एका स्थिर जुळणीत रिकाम्या राहतात, त्याला प्रत्येक स्थिर जुळणीत तितकेच आणि तेच डॉक्टर मिळतात, असा रॉथ यांचा १९८६ चा सिद्धांत आहे. विचारणारी बाजू बदलून किंवा कृती थोडी फिरवून दुर्गम भागातल्या जागा भरता येत नाहीत. त्यासाठी जागांची संख्या, वेतन किंवा सक्ती यांनाच हात घालावा लागतो. जपानने २००४ च्या प्रशिक्षणवर्षापासून अमेरिकेसारखी जुळणी सुरू केली, तेव्हा तरुण डॉक्टर मोठ्या शहरांकडे ओढले गेले. म्हणून तिथल्या सरकारने पुढे प्रत्येक प्रांतातल्या निवासी जागांवर कमाल मर्यादा घातली. युइचिरो कामादा आणि फुहितो कोजिमा यांनी दाखवून दिले, की ही मर्यादा रुग्णालयांत आधीच ताठरपणे वाटून टाकल्यामुळे डॉक्टर आणि रुग्णालये दोघांचेही नुकसान होते. प्रांताची मर्यादा जुळणीच्या आतच पाळली तर ते टळते.

दुसरा वाद वेतनाचा. जुळणीत पगाराची बोलणी होत नाहीत, जागा ठरलेल्या पगारासकट येते. २००२ मध्ये काही निवासी डॉक्टरांनी ही स्पर्धाविरोधी संगनमताची रीत असल्याचा दावा दाखल केला. २००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निवृत्तिवेतनविषयक एका कायद्यात कलम घालून जुळणीला संरक्षण दिले आणि दावा निकाली निघाला. वेतन कमी राहण्याचे कारण जुळणीच आहे का, यावर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत नाही. जेरेमी ब्युलो आणि जोनाथन लेव्हिन यांच्या प्रारूपात माणसागणिक पगार ठरवता न आल्यामुळे वेतन दबते. याउलट पोटविकारांच्या शाखेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुळणी मोडली होती, तेव्हा वेतन वाढल्याचे आढळले नाही. नेमणुका मात्र पुन्हा लवकर आणि विखुरलेल्या होऊ लागल्या, आणि २००६ मध्ये त्या शाखेने जुळणी परत आणली. डॉक्टरांचा दावा कायद्याने बंद केला, तरी आठवड्याला ऐंशी तासांपर्यंत राबणाऱ्या डॉक्टरला पगारावर बोलण्याची जागा कुठे, हा प्रश्न न्याय्यच आहे.

आजची गर्दी आहे ती जुळणीच्या अलीकडे, अर्ज आणि मुलाखती यांत. अर्जांची संख्या फुगत गेली आहे, २०२० पासून मुलाखती ऑनलाइन झाल्या आणि यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागू लागला. त्यामुळे हजारो अर्जांतून कोणाला बोलवावे हे रुग्णालयांना कळेनासे झाले. कान-नाक-घसा शाखेने सुरू केलेली ‘संकेत’ देण्याची सोय, म्हणजे मोजक्या रुग्णालयांना आपली खास आवड कळवण्याची मुभा, आता अनेक शाखांत आहे. मुलाखतच झाली नाही, तर उमेदवाराचे नाव रुग्णालयाच्या यादीत येत नाही आणि तिथे गणिताचा काही उपयोग नाही. २०२४ मध्ये अमेरिकी एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, तर परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांना. ही दरी याद्यांतून येते, गणनेतून नाही. मुंबई, पुणे, नागपूरहून परीक्षा देऊन तिकडे जाणाऱ्या पदवीधरांसाठी एक गोष्ट मात्र निश्चित आहे : यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच लिहावी. ‘मिळेल ते’ वर आणि ‘हवे ते’ खाली लिहिणाऱ्याला जास्तीचे काही मिळत नाही, तो फक्त गमावू शकतो.

भारतातला पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश वेगळ्या जातीचा आहे. इथे रुग्णालयाला स्वतःची पसंती नसते. नीट-पीजीचा क्रमांक, आरक्षणाचे प्रवर्ग आणि उमेदवाराची पसंती एवढ्यावर जागा ठरते. अशा व्यवस्थेत गणित खरे तर सोपे असते. वरच्या क्रमांकाच्या उमेदवाराने आधी निवडायचे, मग खालच्याने. एकदाच आणि एकत्र केले तर निकाल स्थिरही असतो आणि प्रामाणिक यादीचे नुकसानही होत नाही. ब्रिटनने २०२४ पासून पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांच्या जागांसाठीही क्रमांक आणि पसंती यांवर चालणारी पद्धत धरली, पण तिच्यात क्रमांक गुणांवर न देता संगणकाने यादृच्छिक काढलेला असतो. क्रमांकच चिठ्ठीने लागत असेल तर पाच वर्षांच्या मेहनतीला काय अर्थ, ही तिथल्या विद्यार्थ्यांची तक्रार समजण्यासारखी आहे.

भारतातली अडचण मात्र फेऱ्यांची आहे. सरकारी महाविद्यालयांच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. उरलेल्या जागा राज्ये भरतात, महाराष्ट्रात सीईटी कक्ष. दोन्हीकडच्या फेऱ्या वेगवेगळ्या चालतात आणि एकच उमेदवार दोन्हीकडे असतो. एका ठिकाणची जागा तो धरून ठेवतो आणि दुसरीकडे चांगली मिळाली की पहिली सोडतो. सोडलेली जागा शेवटच्या फेऱ्यांत उघडते, आणि तोवर वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी आपापल्या जागी रुजू होऊन नियमांनी बांधले गेलेले असतात. परिणामी खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला वरच्यापेक्षा चांगली जागा मिळू शकते. गेल आणि शॅप्ली यांच्या भाषेत ही जुळणी अस्थिर आहे. २०२१ च्या नीट-पीजीनंतर मॉप-अप, म्हणजे उरलेल्या जागांच्या, फेरीत १४६ नव्या जागा आल्या. आधीच्या फेऱ्यांतल्या विद्यार्थ्यांना त्या कधी दाखवल्याच गेल्या नव्हत्या. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेरी रद्द करून त्या जागांसाठी विशेष फेरी घ्यायला लावली. त्याच वर्षी सर्व फेऱ्या संपल्यावरही १,४५६ जागा रिकाम्या राहिल्या. २०२३ मध्ये पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. जागा रिकाम्या राहण्यामागचे कारण त्यांचे विषय आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क यांत होते. शरीरक्रियाशास्त्रासारख्या विषयांना पसंतीच कमी, आणि जपानच्या गावांप्रमाणे इथेही गणनेने पसंती निर्माण होत नाही.

फेऱ्यांचा दोष मात्र गणनेचा आहे आणि तो दूर करता येतो. अभियांत्रिकीत आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश असेच स्वतंत्र चालत आणि असेच दुहेरी अडकत. २०१५ पासून दोन्हींचे वाटप ‘जोसा’ या संयुक्त जागावाटप प्राधिकरणामार्फत गेल-शॅप्ली पद्धतीवर बेतलेल्या एकाच गणनेतून होते. तिच्या रचनेत यश कानोरिया यांचा आणि आयआयटींतल्या प्राध्यापकांचा हात आहे. वैद्यकीय प्रवेशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये जागा अडवण्यावर कडक निर्देश दिले. केंद्र आणि राज्य यांच्या फेऱ्यांचे देशभर एकच वेळापत्रक, आधी शुल्क जाहीर करणे, अडवणाऱ्यांना दंड असे त्यांचे स्वरूप आहे. वेळापत्रक जुळल्याने अडवणूक कमी होईल, पण दोन याद्या दोन कार्यालयांत राहतील तोवर ती पूर्ण थांबणार नाही. अखिल भारतीय आणि राज्य कोट्याच्या जागा, प्रत्येकीचे आरक्षण आणि पात्रतेचे नियम जसेच्या तसे ठेवून, एकाच पसंतीयादीवर आणि एकाच गणनेत आणणे हा यावरचा खरा उपाय आहे, आणि तो वैद्यकीय समुपदेशन समिती व राज्यांनी एकत्र बसून लवकरात लवकर करायला हवा.